घसरत सोडलेला भरीव गोळा न घसरता गडगडू लागतो, तेव्हा त्याचा वेग किती उरतो?

मूळ वेगाच्या ५/७ इतका, म्हणजे ७ मीटर प्रतिसेकंद वेगाने, फिरकी न देता सोडलेला गोळा अखेर ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने गडगडतो. लादीचे घर्षण कमी असो वा जास्त, उत्तर तेच राहते. घर्षणबल जमिनीवरील मार्गरेषेतूनच जात असल्यामुळे त्या रेषेवरील स्थिर बिंदूभोवती कोनीय संवेग (वस्तूच्या त्या बिंदूभोवतीच्या फिरण्याचे माप) अक्षय्य राहतो, आणि mv₀r = mvr + (२/५)mr²·(v/r) एवढे मांडले (m वस्तुमान, r त्रिज्या, v₀ मूळ वेग, v अखेरचा वेग) की गणित सुटते. ठाण्यात बारावीच्या मुलांना शिकवताना मला हमखास दिसणारी चूक म्हणजे येथे ऊर्जा अक्षय्य धरणे. वास्तविक २/७ गतिज ऊर्जा घर्षणात उष्णता होऊन जाते. मात्र ५/७ हे सपाट जमिनीवरील भरीव गोळ्यापुरतेच खरे असून पातळ पोकळ गोळ्यासाठी ३/५ घ्यावे.