धावत्या वस्तूचा ‘आळस’

प्रश्न : भौतिकशास्त्रात आपण ज्याला जडत्व म्हणतो, त्याच्या ‘इनर्शिया’ या नावाचा लॅटिनमधील मूळ अर्थ ‘आळस’ असा असल्याचे वाचनात आले. मग वेगाने धावणाऱ्या वस्तूलाही हे नाव कसे लागू पडते?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘आर्स’ म्हणजे कला किंवा कौशल्य. त्याला ‘इन्’ हा नकारदर्शक उपसर्ग लागून ‘इनर्स’ हे विशेषण तयार झाले. ज्याच्या अंगी कसब नाही, आणि म्हणून जो निरुद्योगी, सुस्त बसून राहतो, तो इनर्स. ‘इनर्शिया’ हे त्याचेच भाववाचक नाम.

हा शब्द ग्रहगतीच्या चर्चेत आणला तो योहानेस केप्लर यांनी, सतराव्या शतकाच्या आरंभी. ग्रह स्वभावतःच गतीला विरोध करतात आणि त्यांना फिरवणारी सूर्याची शक्ती थांबली, तर ते असतील तेथेच थांबतील, अशी त्यांची समजूत होती. या समजुतीला ‘आळस’ हे नाव अगदी चपखल होते.

आपल्याला पडलेला पेच न्यूटन यांच्यापासून सुरू होतो. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त त्यांनी शब्द तोच ठेवला, परंतु स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते तशीच गतिमान वस्तूही त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहू पाहते, असा नवा आशय त्यात भरला. म्हणजे आळस असलाच, तर तो हालचालीचा नसून बदलाचा आहे. आपल्याला केप्लर यांचे, विरामाकडे ओढणारे जडत्व अभिप्रेत नाही, असे त्यांनी स्वतःजवळच्या प्रतीत मुद्दाम लिहूनही ठेवले होते. मात्र त्याला ‘विस’, म्हणजे बल, म्हणण्याची जुनी रीत त्यांनी सोडली नाही. आजच्या व्याख्येनुसार जडत्व हे बल नव्हे, तो वस्तूचा गुणधर्म आहे आणि वस्तुमान हे त्याचे माप आहे. या दृष्टीने आपला ‘जडत्व’ हा शब्द मला अधिक सोयीचा वाटतो, कारण ‘जड’मध्ये सुस्तीबरोबर भारदस्तपणाही येतो.

याच ‘इनर्स’वरून रसायनशास्त्रात हेलियम, अरगॉन, झेनॉन इत्यादींना ‘इनर्ट’, म्हणजे निष्क्रिय वायू म्हणू लागले. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केल्यावर ते नाव अपुरे ठरले आणि ‘राजवायू’ ही संज्ञा अधिक योग्य मानली जाऊ लागली.