पार्लमेंटविना राजा

प्रश्न : इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला पार्लमेंट बरखास्त करण्याचा अधिकार होता. मग त्याला ते पुन्हा का बोलवावे लागले?

उत्तर : अधिकार होता, परंतु तिजोरी रिकामी होती. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवणार नाही, हे १६२८च्या ‘हक्काच्या अर्जा’त मान्य करूनही चार्ल्सने १६२९मध्ये पार्लमेंट विसर्जित केले आणि पुढील ११ वर्षे त्याविना राज्य केले. या काळात त्याचा मोठा आधार होता तो ‘जहाजकर’. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरील गावांकडून आरमारासाठी घेतली जाणारी ही जुनी वसुली त्याने शांततेच्या काळात, १६३५पासून, समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादली. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने अवघ्या २० शिलिंगांसाठी खटला अंगावर घेतला. रक्कम त्याला जड नव्हती. संमतीवाचून ती मागण्याचा हक्क राजाला आहे काय, हाच त्याचा प्रश्न होता. १६३८मध्ये १२पैकी ७ न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. तरीही ५ न्यायाधीश विरोधात गेले, हे मला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्यानंतर वसुली झपाट्याने घटली.

त्यातच स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादल्याने तेथे उठाव झाला. सैन्याच्या खर्चासाठी १६४०च्या एप्रिलमध्ये बोलावलेले पार्लमेंट तक्रारींवर अडून बसल्याने चार्ल्सने तीन आठवड्यांतच मोडले. स्कॉट सैन्य उत्तर इंग्लंडमध्ये शिरल्यावर मात्र नोव्हेंबरमध्ये त्याला दुसरे बोलवावे लागले, आणि त्या पार्लमेंटने १६४१मध्ये जहाजकर बेकायदा ठरवला.