एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून दिवस राहत नाहीत का?

ताई, तुझं वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर मी एकोणतीस वर्षं नर्स होते. बायकांनी जे घरात कुणाला सांगितलं नाही ते माझ्यापाशी सांगितलंय, त्या भरवशावर लिहिते.

तुझा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. वय 31, अमळनेरजवळचं खेडं, लग्नाला चार वर्षं. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा दोन-दोन दिवस घरी येतो. अंगावरून पांढरं जातं, वास येतो. मेडिकलवरून तीच गोळी तीनदा आणून झाली, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. आता गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही विषाणू निघाला, 16 आणि 18 सोडून दुसऱ्या जातीचा. जेठानी म्हणते, हा विषाणू आहे तोवर गर्भ धरणार नाही. आणि मेडिकलवाल्याने धुवायची बाटली व दह्यातल्या जंतूंच्या कॅप्सूल हातात दिल्यात.

आधी जेठानीचं. तिचं म्हणणं खरं नाही. एचपीव्ही असलेल्या असंख्य बायकांना मुलं झालीत, होतात. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि दहापैकी साधारण नऊ जणींचं शरीर त्याला दोन वर्षांत आपोआप घालवतं. नवरा बाहेर भानगडी करतो असा अर्थ यातून काढू नकोस. हा विषाणू वर्षानुवर्षं दडून राहू शकतो, तो कुणाकडून, कधी आला हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. त्याची काळजी घ्यायची ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी. त्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के 16 आणि 18 या दोन जातींमुळे होतो, तुझ्यात त्या नाहीत. तरी पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासतात ती) किंवा त्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, करून घे, आणि सगळं ठीक निघालं तरी वर्षभराने पुन्हा तपास. उपचाराची वेळ आलीच तर मूल हवं आहे हे डॉक्टरांना आधी सांग, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा किती भाग काढायचा हे ते त्या हिशोबाने ठरवतील.

आता ती बाटली. ती कचऱ्यात टाक.

हे एवढ्या जोरात सांगते, कारण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः बायकांना तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगितलंय. मला वाटायचं, वास आहे म्हणजे घाण आहे, घाण आहे म्हणजे धुतली पाहिजे. किती जणींचं त्याने बिघडलं असेल, हे आजही मनाला लागतं. बाहेरून साध्या पाण्याने धू, आत काहीही घालू नकोस. साबण नको, डेटॉल नको, तुरटी नको, दहीसुद्धा नको.

कारण आत घाण नसते, वस्ती असते. 1892 साली डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी योनीमार्गातले जे जंतू दाखवून दिले, त्यांना आज लॅक्टोबॅसिलस म्हणतात. पाळीच्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतो. त्याची साखर फुटते, ती खाऊन हे जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 3.8 ते 4.5 इतकं आंबट राहतं. शेताच्या बांधासारखं आहे ते. बांध शाबूत तर बाहेरचं पाणी आत शिरत नाही. धुवून धुवून बांध वाहून गेला की गार्डनेरेला, प्रेव्होटेला असे मिश्र जंतू वाढतात. त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, आणि तू वर्णन केलेला पातळ स्राव व मासळीसारखा वास त्याचाच असावा. तो वास संबंधानंतर किंवा पाळीनंतर वाढतो का, ते बघ. वीर्य आणि रक्त आम्लाला मारतात, म्हणून तेव्हा तो जास्त येतो. दह्यासारखं घट्ट जात असेल आणि खाज असेल, तर ते बुरशीचं, त्याची गोळी वेगळी. म्हणून तपासणीशिवाय तीच गोळी चौथ्यांदा घेऊ नकोस. पीएचची पट्टी, एक काच आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर निदान होतं. योनीतल्या सगळ्या जंतूंची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्या आता निघाल्यात, पण त्या यादीने तुझा उपचार बदलणार नाही, तो पैसा राखून ठेव.

पुन्हा पुन्हा का होतं? या रोगात गोळ्या घेतल्यावरही निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात तो परत येतो, ती तुझी चूक नाही. पण मार्च 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निकाल आले, ते तुझ्यासारख्या बायकांसाठी फार मोलाचे आहेत. एकाच जोडीदाराबरोबर राहणारी 164 जोडपी घेतली. निम्म्यांत फक्त बायकोला औषध, उरलेल्यांत नवऱ्यालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम, दोन्ही जंतू मारणारी औषधं. बारा आठवड्यांत फक्त बायकोला औषध दिलेल्यांत 63 टक्के जणींना रोग परत आला, दोघांना दिलेल्यांत 35 टक्के जणींना. तुझ्या डॉक्टरांना हे विचार. नवरा सुरतेला असेल तरी चालेल, फक्त सात दिवस दोघांचे एकाच वेळी सुरू व्हायला हवेत आणि तेवढे दिवस संबंध नको. त्या दिवसांत त्याने दारूला हात लावायचा नाही, हे बजावून सांग.

कॅप्सूलबद्दल. दही खा, पोटाला बरं, पण दह्यातले जंतू योनीत वस्ती करत नाहीत. 2020 मध्ये क्रिस्पॅटस जातीचा लॅक्टोबॅसिलस योनीत ठेवून अमेरिकेत अभ्यास झाला. मेट्रोनिडाझोलनंतर तो वापरलेल्यांत रोग कमी वेळा परतला, 45 ऐवजी 30 टक्के. पण मेडिकलमधल्या कॅप्सूलमध्ये बहुतेक दुसऱ्याच जाती असतात. पैसे तिथे घालवू नकोस.

मग या सगळ्याचा गर्भ न राहण्याशी संबंध काय? आहे, पण वळणावळणाने. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या बायकांत एचपीव्ही जास्त काळ टिकतो, आणि संबंधातून पसरणारे क्लॅमिडिया, गोनोरिया, जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू एचएसव्ही-2, एचआयव्ही यांना आत शिरायला सोपं जातं. यातले क्लॅमिडिया आणि गोनोरिया वर चढून गर्भनलिकांना सूज आणतात, नळ्या आतून चिकटतात, आणि क्लॅमिडियात बाईला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. गर्भाच्या वाटेत बसतं ते हे. आपल्याकडे त्यात जननेंद्रियांचा टीबी जोडायचा, तो तर जवळपास नेहमीच नळ्या धरतो. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांग. तुझी एचएसजी, म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, झालेली नाही, ती करून घे. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात होते. आधी संसर्गाचा उपचार, मग एचएसजी.

पण या सगळ्याआधी एक साधी गोष्ट, जी तुला कुणीच विचारलेली दिसत नाही. नवरा येतो त्या तारखा पाळीच्या कितव्या दिवशी पडतात? बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढ्यातच गर्भ राहू शकतो. 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. सुरतेची गाडी महिन्यातून दोनदा गाठणाऱ्या माणसाची ती वेळ वर्षभर हुकू शकते. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे सुरत-उधन्याला आहेत, आणि बायका इथे नवस बोलत असतात. सहा महिन्यांच्या तारखा वहीत लिहून काढ. जमलं तर तीन महिने तूच सुरतेला राहायला जा.

आणि त्याची वीर्यतपासणी. दिवस राहत नाहीत तेव्हा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण निघतं. ती सुरतेतच होते, दोन ते सात दिवस संबंध नको आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा. तुझ्या आतापर्यंत पाच तपासण्या झाल्या, त्याची एकही नाही, हे मला पटत नाही.

एचपीव्हीच्या लशीचं विचारलंस. असलेला विषाणू ती घालवत नाही, पुढच्या जातींपासून वाचवते. ती गर्भाला अडथळा करत नाही, पण गरोदरपणात घेत नाहीत. तुझ्या जेठानीची मुलगी बारा वर्षांची आहे म्हणालीस, तिला मात्र नक्की द्या, या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात.

खर्चाचं म्हणशील तर जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' विचार. तिथे अंगावरून जाण्याचे उपचार फुकट आहेत. औषधांचं हिरवं पाकीट योनीच्या संसर्गाचं, राखाडी गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गाचं, पिवळं ओटीपोटाच्या सुजेचं. नाव गुप्त ठेवतात. दोघांनी मिळून जा.

कानबाईच्या, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, वेळी तुला ओटी भरू दिली नाही असं लिहिलंस, ते वाचून माझ्या पोटात तुटलं. तपासण्या अर्ध्याही झालेल्या नसताना 'वांझ' म्हणायचा हक्क कुणालाच नाही. सासूबाई माझ्याशी फोनवर बोलायला तयार असतील तर मला निरोप पाठव, मी अहिराणीत बोलेन.

एचएसजी आणि वीर्यतपासणीचे रिपोर्ट आले की नाव-गाव झाकून त्यातल्या शेवटच्या दोन ओळी इथे लिही, मी वाट बघते.