दोन मिनिटं धावलं की धाप लागते. श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने?

तुमच्या प्रश्नात तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंय, ते बरं केलंत. महिनाभर रोज सकाळी आपल्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर धावताय, दोन-तीनशे मीटरवर छाती फुटेल असं वाटतं, व्हिडिओत एक जण नाकानेच म्हणतो, दुसरा पावलं मोजायला सांगतो, आणि आता फुफ्फुसंच कमजोर आहेत का अशी शंका यायला लागलीय. पण मधेच एक वाक्य सहज टाकलंय: 'चालायला मात्र तासभर चालते, काही होत नाही.' ताई, तुमचं अर्धंअधिक उत्तर तिथंच आहे. तुमची फुफ्फुसं बहुतेक ठणठणीत आहेत. तुम्ही फार जोरात पळताय.

'जोरात कुठं, मी तर रडत-रखडत पळते' असं तुम्ही म्हणणार. मीही म्हणायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू केलं तेव्हा माझा हिशेब साधा होता: आपण पळतोय हे लोकांना दिसलं पाहिजे. चौपाटीवर पहाटे ही गर्दी, त्यात निम्मे ओळखीचे. फिरायला आलेले काका-काकू, पेठेतली फुटबॉल खेळणारी पोरं शेजारून सुंसुं करत जाणार, आणि आपण हळू पळालो तर कुणी हसेल ही धास्ती. म्हणून लोकांसमोर जोर लावायचा आणि कुणी नसेल तिथं बाकडं शोधायचं. अडीच महिने हेच चाललं होतं. दम वाढला नाही, बाकडी तेवढी पाठ झाली.

त्यातल्याच एका बाकड्यावर एक म्हातारे वस्ताद बसायचे. जुने पैलवान, कान मोडलेले, हातात काठी. मी त्यांच्या शेजारी धपापत टेकले की नुसते बघायचे. एक दिवस म्हणाले, "पोरी, नुसतं आत ओढून भाता चालतोय व्हय? आधी भाईर सोड. घ्यायचं त्याचं ते घेतंय."

तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. नंतर वाचलं तर शरीरशास्त्र नेमकं तेच सांगतं. आपल्याला 'हवा पाहिजे, हवा पाहिजे' असं जे होतं ते मुख्यतः ऑक्सिजन कमी पडला म्हणून नसतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की मेंदू घंटा वाजवतो. आणि तो बाहेर काढायचा तर श्वास पुरता सोडावा लागतो. धाप लागल्यावर आपण करतो उलटंच. घाबरून वरच्यावर भराभर आत ओढतो, मागचा निम्मा आतच असताना.

याचा एक हिशेब आहे, तो कळला की डोक्यात लख्ख पडतं. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच राहते, कामाच्या जागी पोचतच नाही. समजा मिनिटाला ३०० मिलिलिटरचे ३० उथळ श्वास घेतले. एकूण हवा ९ लिटर, पण कामी आली साडेचार. तेच ६०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले तर एकूण तेवढीच ९ लिटर, पण कामी आली पावणेसात. धावताना आकडे यापेक्षा मोठे असतात, हिशेब मात्र हाच. उथळ श्वासाची मेहनत गळ्यातच जिरते.

तर पहिली गोष्ट, धाप लागेल असं वाटलं की घेण्याकडे लक्ष देऊ नका, सोडण्याकडे द्या. ओठांचा थोडा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतो तसं, दोन-तीन पावलं सोडत राहा. आत येणारा आपोआप खोल येतो. खांदे कानाला चिकटले असतील तर तेही खाली सोडा.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि खरा इलाज तोच आहे. वेग किती असावा? बोलता येईल इतका. माझी मोजपट्टी सतराच्या पाढ्याची. 'सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट' एवढं न अडखळता एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. एक्कावन्नालाच हवा संपली तर हळू व्हायचं. पहिल्यांदा हे प्रामाणिकपणे केलं तेव्हा माझा वेग किलोमीटरला साडेदहा मिनिटं निघाला आणि कानटोपी घातलेले एक आजोबा चालत चालत मला मागं टाकून गेले. लाज वाटली. पण त्याच दिवशी पहिल्यांदा मी सलग सहा मिनिटं न थांबता पळाले. तेव्हापासून मागं पडायचं काही वाटत नाही. (वाटतं, पण कमी.)

आणि सुरुवातीला आठ-दहा मिनिटं झपाझप चाला. पहिलं अंतरच सगळ्यात जड का जातं माहितीय? पायांनी काम वाढवलं तरी हृदय आणि श्वास त्या मापाला यायला दोन-तीन मिनिटं घेतात. तुम्ही बरोबर त्या दोन मिनिटांतच थांबताय, म्हणजे गाडी रुळावर यायच्या आत उतरताय. चालून अंग आधी जागं केलं की हा धक्का बराच हलका होतो. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठवड्यात तीन-चार दिवस पुरे, रोज नको. सोपं वाटलं की पळण्याचं मिनिट वाढवा. चालायला लागणं म्हणजे हरणं नव्हे. त्याला आपल्याकडे 'दम खाणं' म्हणतात आणि तालमीतले पैलवानसुद्धा दोन झटींच्या मधे तेच करतात.

आता नाक की तोंड. दोन्ही. बसल्या जागी आपल्याला मिनिटाला साधारण ६ लिटर हवा लागते, तेवढी नाकाला सहज झेपते. पळायला लागलं की ती कितीतरी पटींनी वाढते, आणि मिनिटाला ३५-४० लिटरच्या आसपास बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. ते उघडू द्या. तोंड मिटून पळण्यात कसलं शौर्य नाही. थंडीत मात्र चालण्याची पहिली दहा मिनिटं नाकाने श्वास घ्या, कारण नाक हवा कोमट आणि ओलसर करून आत पाठवतं, घसा खवखवत नाही. एरवी नाकाचा उपयोग मी वेग बघायला करते: नुसत्या नाकाने जमतंय म्हणजे नक्की हळू आहे.

पावलं मोजायचं काय? १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक लेख आला होता. माणूस पळताना श्वास आणि पावलं एकमेकांना जुळतात, आणि सगळ्यात जास्त आढळणारी लय म्हणजे एका पूर्ण श्वासाला चार पावलं: दोन घेताना, दोन सोडताना. पण ही जुळणी मुरलेल्या धावपटूंत पक्की दिसली, नवख्यांत फारशी नाही. म्हणजे दम आला की लय येते. लय मोजून दम येत नाही. मी महिनाभर 'एक-दोन-तीन, एक-दोन' करत पळाले आणि एकदा त्या नादात समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या अंगावर गेले. तुम्ही मोजणं सध्या सोडून द्या.

पोटाने श्वास घेणं मात्र शिकण्यासारखं आहे, आणि ते पळताना नाही, घरी. रात्री उताणं पडा, एक हात छातीवर, एक बेंबीवर. खालचा हात वर-खाली झाला पाहिजे, वरचा जवळजवळ स्थिर. मला हे जमायला वेळ लागला, कारण आपण बायका लहानपणापासून पोट आत ओढून उभ्या राहतो. शिवाय माझ्या ट्रॅकपँटची नाडी! पँट घसरेल म्हणून मी ती करकचून बांधायचे. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू खाली सरकतो तेव्हा पोटाला पुढं यायला जागा लागते, आणि मी तिथंच गाठ मारून ठेवलेली. रुंद इलॅस्टिकची पँट घेतली, निम्मी कुरकुर थांबली.

बरगडीखाली कळ आली तर चालायला लागा, लांब श्वास सोडा, दुखतं तिथं बोटांनी दाबा. दोन मिनिटांत जाते. पळण्याआधी दोन तास काही भरपेट नको. मिसळ नंतर.

आपल्या हवेबद्दलही थोडं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा 'उंचीमुळे दम लागतो' हे कुणी सांगितलं तर सोडून द्या. पण उसाच्या हंगामात पाचट पेटवलेलं असतं, गुऱ्हाळं चालू असतात, आणि थंडीत पहाटे तो धूर धुक्याबरोबर खाली दबून राहतो. त्या दिवसांत मी ऊन पडल्यावर निघते आणि गाड्यांचा रस्ता टाळून विद्यापीठाच्या आवारात जाते. तिथं चढ आहेत. चढाला वेग नाही, श्वास सांभाळायचा. गरज पडली तर खुशाल चाला.

सगळ्यात शेवटी लिहितेय, पण हे आधी करा: हिमोग्लोबिन तपासून घ्या. माझं ८.९ निघालं होतं. ऑक्सिजन वाहून न्यायला हमालच कमी, मग फुफ्फुसं बिचारी काय करणार? चालताना मलाही काही जाणवत नव्हतं, पळताना उघडं पडलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही शंका अजिबात लांबची नाही. डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीवर चहा प्यायचा नाही असं बजावलं. गोळ्यांपेक्षा मला तेच जड गेलं. आणि पळून थांबल्यावर खोकल्याची उबळ येत असेल, श्वासात शिट्टी वाजत असेल, छातीत दुखत किंवा आवळत असेल, चक्कर येत असेल, तर ते नवशिकेपणाचं लक्षण समजून दामटू नका. पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने चाळवणारा दमा असतो आणि त्यावर चांगली औषधं आहेत.

एवढं करून किती दिवसांत फरक पडेल? फुफ्फुसं फारशी बदलत नाहीत. बदलतं ते हृदय, एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि पायांच्या स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. याला काही आठवडे लागतात. मला सलग वीस मिनिटं पळायला वेग कमी केल्यापासून नऊ आठवडे लागले. उद्या सकाळी वेग निम्मा करून बघा आणि काय झालं ते इथंच लिहा. सतराचा पाढा येत नसेल तर बाराचा चालेल.