ओव्हरक्लॉकिंग शिकायला जुना बोर्ड: पी४५ घ्यावा की एच६१?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ते शिकायला तुम्हाला चिपळूणात दोन जुने मदरबोर्ड मिळतायत: एक पी४५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप), त्यावर ई५२०० प्रोसेसर, आणि दुसरा एच६१ चिपसेटचा, त्यावर आय५-२४०० प्रोसेसर. प्रयोगच करायचे असतील तर डोळे झाकून पी४५. एच६१ रोजच्या कामाला बरा, पण त्यावर मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो) वाढत नाही आणि १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक, म्हणजे ते मूळ घड्याळ, जेमतेम चार-पाच टक्के हलतो, कारण बाकी सगळं त्याच घड्याळावर चालतं. त्यात खेळणार काय?

ई५२०० चा मल्टिप्लायर १२.५, एफएसबी (या जुन्या बोर्डावरचं मूळ घड्याळ) २०० मेगाहर्ट्झ. तो २६६ केला की २.५ चे ३.३३ गिगाहर्ट्झ होतात. रॅम एफएसबीशी १:१ प्रमाणात ठेवा, पीसीआय एक्स्प्रेस (ग्राफिक्स कार्ड वगैरेंच्या स्लॉटचं घड्याळ) १०० वर लॉक करा, आणि एफएसबी दहा-दहाने वर न्या. व्होल्टेजला शेवटी हात लावा.

आता खरी मेख. डोळे झाकून म्हटलं ते चिपसेटबद्दल. बोर्ड मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. माल चिपळूणचा, म्हणजे जुलै २०२१ च्या पुरात भिजला नाही ना, हे आधी विचारा. विकणारा नाहीच म्हणेल! मोबाईलचा टॉर्च तिरका धरून रॅमच्या खाचांत आणि स्लॉटच्या बुडाशी वाळलेला गाळ दिसतो का बघा. सॉकेटच्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत. स्क्रूच्या भोकांभोवती हिरवट थर असेल तर खाऱ्या हवेने काम केलंय, सोडून द्या. फुगलेला कपॅसिटर (बोर्डावरचं छोटं उभं नळकांडं) असेल तरीही नकोच.

बर्फाने थंड करायचे व्हिडिओ बघून पावसाळ्यात तसलं काही करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बोर्डावर लगेच पाणी धरतं.