थंडीत बाळाच्या आंघोळीचं पाणी किती गरम?

प्रश्न: ताई, आम्ही नागपूरला राहतो, बाळ 3 महिन्यांचं आहे. सध्या थंडी फार आहे म्हणून मालिशवाली बाई चांगलं कढत पाणी घेते, बाळ लालबुंद होतं अन् खूप रडतं. सासूबाई म्हणतात थंडीत असंच पाहिजे. काय करू?

उत्तर: अगं, पाणी कोमटच हवं, 37-38 अंश बस. बाळाची कातडी फार नाजूक असते, आपल्या हाताला जे बरं वाटतं ते त्याला पोळतं, म्हणून पाण्यात कोपर बुडवून बघ, कोपराला गरम लागलं नाही पाहिजे. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, अन् नीट ढवळायचं, नाहीतर वर कोमट अन् मध्येच चटका असं होतं. थंडीसाठी पाणी नाही, खोली गरम कर. दारं-खिडक्या लाव, उन्हं वर आल्यावर 11 च्या सुमारास आंघोळ घाल, 5-10 मिनिटांत आटप. टॉवेल, कपडे आधीच हाताशी ठेव, कारण फोन वाजो की बेल, बाळाला पाण्याजवळ एक सेकंदही एकटं सोडायचं नाही. नाका-कानात तेल नको, धुरी तर अजिबात नको, छातीला त्रास होतो. सासूबाईंनाही एकदा कोपर बुडवायला सांग, त्यांना लगेच पटेल.