रिमोट डेस्कटॉपवर क्लिपबोर्ड शेअरिंग चालू ठेवण्यात खरोखर धोका आहे का?

आपल्या कार्यालयाने रिमोट डेस्कटॉपवरील (दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवण्याची सोय) कॉपी-पेस्ट, म्हणजेच क्लिपबोर्ड शेअरिंग, बंद केल्यामुळे काम अडते आहे, आणि हा खरा धोका आहे की आयटीवाल्यांचा हट्ट, असे आपण विचारले आहे. त्या हट्टी मंडळींपैकीच मी एक असल्याने उत्तर देणे भाग आहे.

पुण्यातील एका सीए फर्मचे संगणक मी सांभाळत असे. विवरणपत्रांच्या दिवसांत तेथील एक आर्टिकल (सीएचे प्रशिक्षण घेणारा मुलगा) रात्री घरून एका अशिलाच्या टॅलीच्या संगणकावर रिमोटने बसला होता. मध्येच ती विंडो मिनिमाइज करून त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर इतर अशिलांची कामे उरकली. एक्सेलमधून पॅन उचलायचा, पासवर्ड उचलायचा आणि आयकर पोर्टलवर टाकायचा, असे चालले होते. सकाळी त्या अशिलाकडील वयस्कर हिशेबनीसांनी नेहमीप्रमाणे विंडोज आणि व्ही या कळा एकत्र दाबून आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी (क्लिपबोर्ड हिस्टरी) उघडली आणि मला फोन केला : "साहेब, यादीतला हा पॅन आमच्या शेठचा नाही. वर पासवर्डही दिसतोय. कोणाचा आहे?" तो त्याच बाजारपेठेतील दुसऱ्या व्यापाऱ्याचा होता.

मुलगा शपथेवर सांगत होता की त्याने रिमोटच्या विंडोत काहीही पेस्ट केले नाही, आणि ते खरेच होते. आपण इकडे कॉपी करताच पलीकडे चालू असलेल्या आरडीपीक्लिप या प्रोग्रॅमला त्याची वर्दी जाते. पलीकडच्या कोणत्याही प्रोग्रॅमने मजकूर मागितला की तो पाठवला जातो. क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर ती तत्काळ मागते आणि शेवटच्या २५ नोंदी जपून ठेवते.

फर्मच्या ज्येष्ठ भागीदारांना मी हे वर्षभर आधी सांगितले होते. "आपल्याकडे व्हीपीएन आहे, मग भीती कसली?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त मार्ग; तो वाटेवरच्या चोरापासून वाचवतो. येथे वाटेत कोणी नव्हतेच, आपणच पुडी बांधून घरपोच दिली होती.

उलट दिशेचा धोका याहून वाईट आहे. चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की दूषित सर्व्हरवरून कॉपी केलेली फाइल आपल्या संगणकावर पेस्ट करताना सर्व्हर गुपचूप आणखी फाइली थेट स्टार्टअप फोल्डरमध्ये (यातील प्रोग्रॅम लॉगिन होताच आपोआप चालू होतात) टाकू शकतो. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१९ मध्ये दुरुस्ती दिली. ती अपुरी ठरल्याने फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा द्यावी लागली.

म्हणून परक्या संगणकाला जोडताना रिमोट जोडणीच्या सेटिंगमधल्या 'लोकल रिसोर्सेस'मधील क्लिपबोर्डची खूण काढावी. माणसांच्या आठवणीवर विसंबायचे नसेल तर ग्रुप पॉलिसीतून (विंडोजमधील सक्तीच्या नियमांची सोय) बंद करावे. मात्र दोन्ही संगणक आपल्याच कार्यालयाचे असतील आणि त्यांवर एकाच अशिलाचे काम चालत असेल, तर सरसकट बंदी मलाही अतिरेकी वाटते, कारण लांब पासवर्ड हाताने टाकावा लागला की लोक तो छोटा करून घेतात. शिवाय क्लिपबोर्ड बंद आणि ड्राइव्ह शेअरिंग (आपल्या संगणकाची डिस्क पलीकडे दिसणे) चालू असेल, तर आपले आयटीवाले नुसता देखावा करीत आहेत.

आमच्या भागीदारांनी अखेर क्लिपबोर्ड बंद करण्याची परवानगी दिली, ती तोंडी. लेखी ईमेल मी फर्म सोडेपर्यंत आला नव्हता.